उजवीकडची खुर्ची

११ जून

चि. भिंगरी हिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुला वाटेल, फोन असताना ही बाई पत्रं काय लिहीत बसते. पण फोनवर तुझ्याशी बोलायची सोय नाही. माझं अर्धं वाक्य होतंय न होतंय तोच तुझं "हो आत्या, हो आत्या" सुरू होतं. शेवटी मी काय सांगत होते ते तुलाही कळत नाही आणि मलाही आठवत नाही. पत्रात निदान मध्येच कुणी हो म्हणत नाही.

शिवाय मला वेळच वेळ आहे. सकाळी मालकांना त्यांच्या विमानाने इथे आणून सोडलं. त्यांच्या बैठका संध्याकाळपर्यंत चालणार, आणि तोवर आम्ही दोघे पायलट, मी आणि ताडमाड, या छोट्या विमानतळाच्या प्रतीक्षागृहात. एक पाहिलं की सगळी पाहिली अशी ही जागा. रुतणारा सोफा, मागच्या वर्षीची मासिकं, आणि कॉफीचं एक यंत्र, जे कॉफी सोडून बाकी सगळे आवाज काढतं. ताडमाड टोपी तोंडावर घेऊन आडवे झालेत. पाय सोफ्याच्या बाहेर हातभर आलेत. तू त्यांना हे नाव ठेवून गेलीस आणि आता हँगरमधले मेकॅनिकसुद्धा त्यांना ताडमाड काका म्हणतात. त्यांना आवडतं असं दिसतं.

लोकांना वाटतं आम्हाला उडण्याचा पगार मिळतो. उडणं दोन तासांचं. बाकी दिवसभर थांबायचं, उरलेली सँडविचं खायची, केबिनमधला चुरा झाडायचा, मालकांच्या वर्तमानपत्राची घडी नीट करायची आणि परत थांबायचं. आम्ही थांबण्याचाच पगार घेतो, असं ताडमाड म्हणतात.

असो. तर तू कॉलेजात नाव घातलंस. तेही रोजच्या वर्गांचं, तीन वर्षांचं, वाणिज्य शाखेचं. दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, आभाळ ठेंगणं झालं असेल. बारावीनंतर तू फ्लाइंग क्लबात गेलीस तेव्हा त्याने मला केवढं फैलावर घेतलं होतं. "उद्या कुणी शिक्षण विचारलं तर काय सांगायचं, बारावी पास आणि हवेत?" असं म्हणून महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता, कारण खूळ तुला माझ्यामुळे लागलं. आता वहिनी सांगते की दप्तर घ्यायला तो स्वतः तुझ्याबरोबर आला आणि दुकानदाराला, मागितलेलं नसताना, सगळी हकिगत सांगितली. ऐकून हसू आलं. आनंदात आहे म्हणायचा.

पायलटच्या नोकरीला कोणता विषय जास्त चालतो, असं तू विचारलंस. आता मी काय सांगू बाई. माझी स्वतःची पदवी वनस्पतिशास्त्राची. इतकी वर्षं विमान चालवतेय, एकानेही कधी मला एका पानाचं नाव विचारलेलं नाही. उपयोग झाला तो एकदाच. मालकांच्या मंडळींनी केबिनमध्ये एक झाड आणून ठेवलं होतं आणि ते कोमेजल्यासारखं का दिसतं याची त्यांना काळजी लागली होती. मी पाहिलं आणि सांगितलं, की बाईसाहेब, हे प्लॅस्टिकचं आहे, धूळ बसलीय. पुसल्यावर टवटवीत झालं. पण नोकरीला लागताना मात्र कार्यालयातल्या बाईंनी पदवीच्या रकान्यात काहीतरी लिहिलंय एवढंच पाहिलं आणि माझा अर्ज वरच्या गठ्ठ्यात टाकला. तेव्हा विषय कोणताही घे. शिकलेलं कधी वाया जात नाही, असं म्हणतात.

त्या दिवसाबद्दल तू माझे आभार मानलेस. त्याची खरंच गरज नव्हती. ताडमाड आणि मी आळीपाळीने सुट्टी घेतो, म्हणून उजवीकडच्या खुर्चीसाठी, म्हणजे सहवैमानिकाच्या जागेसाठी, तिसरं माणूस लागतं; त्यासाठी जो कोणी येतो त्याला आम्ही एक दिवस असाच बरोबर नेतो. उडवायला देत नाही, नुसतं मधल्या घडीच्या खुर्चीवर बसवतो आणि बाकीचं काम करायला लावतो. त्या कामात तू कुठे कमी पडली नाहीस. सामान असं लावलंस की मालकांची बॅग सगळ्यांत आधी बाहेर निघाली. हवामानाचा कागद तू वाचलास तसा वाचायला काहींना वर्षं लागतात. "आत्या, तू आडपडदा न ठेवता कारण सांगितलंस म्हणून मला वाईट नाही वाटलं," असं तू लिहिलंयस. कार्यालय पदवीसाठी अडून बसतं, त्याला तू किंवा मी काय करणार.

दादाला सांग, प्रकृतीला जप. वहिनीला नमस्कार. तिने पाठवलेले मोजे घातले, एक किंचित मोठा आहे पण ऊब दोन्हीत सारखी.

ताडमाड काका काय शिकलेत, असं तू विचारलंस. ते झोपलेत. उठले की विचारीन.

तुझी
आत्या

ता. क. फ्लाइंग क्लबच्या मास्तरांनी तुला काही काम देऊ केलंय असं शेवटी एका ओळीत लिहिलंयस. काय काम? नीट लिही.


२६ जून

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवाच आलं. मी खुशाल आहे. ताडमाडही खुशाल आहेत. गेल्या वेळच्या त्या प्रतीक्षागृहात कॉफीचं यंत्र दुरुस्त झालं, आणि आता त्यातून कॉफी येते तेव्हा वाटतं की आधीचे आवाज बरे होते. विमानाचं चाक बदललं. मालकांनी चष्म्याची नवी काडी घेतली, जुनी त्यांनी स्वतःच वर बसून मोडली. माझा गुडघा जिना चढताना थोडा कुरकुरतो, पण वैद्यकीय तपासणीत पास झाले. हँगरच्या मागे कुणीतरी फुलझाडं लावलीत आणि सगळे मला त्यांची नावं विचारतात.

झालं. नमनाला घडाभर तेल ओतून झालं. आता मुद्द्याचं बोलते.

मास्तरांनी तुला शिकवण्याचं काम देऊ केलं. नवख्यांच्या शेजारी बसायचं, त्यांना उडायला शिकवायचं, आधी हाताखाली आणि मग स्वतंत्रपणे. तू हो म्हणालीस. कॉलेजलाही हो म्हणालीस. बाबांना हो म्हणालीस. आता दोन्ही एका वेळी जमत नाही म्हणून तू ठरवलंस की तीन वर्षं विमानाला हात लावायचा नाही, पदवी घ्यायची आणि मग माझ्याकडे यायचं. आणि मास्तरांना नाही सांगणं तुझ्या जिवावर आलंय, ते एक तारखेपर्यंतच थांबणार आहेत, तेव्हा "आत्या, तूच त्यांना फोन करून सांगशील का?"

हे वाचलं आणि पत्र तसंच ताडमाडांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाले, "पोरीला माझं शिक्षण सांगून टाका. माझ्या अब्रूची काळजी करू नका."

तर ऐक. ताडमाड काका बारावी शिकलेत. त्यानंतर त्यांनी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही आणि कॉलेजने त्यांचं. आमच्या अर्जावर छापलेलं असतं, "पदवी असल्यास उत्तम". असल्यास. त्यांचा तो रकाना कोरा होता आणि तरी त्यांना घेतलं, कारण त्यांच्यासाठी मी एक ओळ लिहून दिली. तुझ्यासाठीही लिहिली असती तर कार्यालयातल्या बाईंनी मान वर करून पाहिलंही नसतं.

मी ती लिहिली नाही. कार्यालयाने तुला नाकारलं नाही, मालकांनी नाही, ताडमाडांनी तर नाहीच. भिंगरी, तुला मी नको म्हटलं. आणि पदवीचं कारण खोटं होतं.

आता का, ते सांगते. त्या दिवशी परतीच्या वेळी तू हवामानाचा कागद घेऊन माझ्याकडे आलीस. म्हणालीस, घरच्या विमानतळावर ढग धावपट्टीला टेकलेत, अजून तासभर तरी उतरता येणार नाही. अगदी बरोबर होतं. मी म्हटलं, ठीक, थांबू. मग तू मालकांसाठी पाणी घेऊन बाहेर गेलीस, आणि मी काचेच्या दाराआड कागदावर सही करत होते. दार अर्धवट उघडं होतं. मालक घाईत होते. त्यांच्या नातीचा नाटकात पहिलाच प्रवेश होता, तो सात वाजता. ते तुझ्या खांद्यावर हात ठेवून, ते बोलतात तसं गोड हसून म्हणाले, "काय छोट्या कॅप्टन, निघू या ना?"

आणि तू म्हणालीस, "हो सर, दहा मिनिटांत निघू."

पाव तासापूर्वी तूच ढग मोजून आली होतीस. तुला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असूनही तू हो म्हणालीस, कारण माणूस चांगला होता, गोड बोलला आणि त्याला वाईट वाटू नये असं तुला वाटलं.

मालक जाऊन विमानात बसले, पट्टासुद्धा बांधला. मी जाऊन सांगितलं की निदान तासभर निघता येणार नाही. ते म्हणाले, "तुमची भाची तर हो म्हणाली." मी म्हटलं, ती हो म्हणाली असेल, ढग नाही म्हणतात. त्यांनी पट्टा सोडला, तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. दीड तास गेला, नातीचा प्रवेश हुकला. तू मध्ये दोनदा त्यांना कॉफी नेऊन दिलीस, हसतमुखाने. आपण काही बोललो होतो हे तुझ्या लक्षातही नव्हतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

तू म्हणशील, एका शब्दाने असं काय झालं? त्या दिवशी काहीच झालं नसतं, डावीकडे, कॅप्टनच्या जागेवर, मी बसलेली होते. पण मोठ्या विमान कंपनीत मागे दोनशे माणसं असतात, मध्ये बंद दार असतं आणि नाही म्हणायला आख्खं कार्यालय असतं. आमच्याकडे मागे एकच माणूस असतो, तोच पगार देतो, आणि तो खांद्यावर हात ठेवून विचारतो. आमचे मालक भले आहेत, नाही म्हटलं की थांबतात. पण त्यांना तशी सवय लागलीय ती माझ्यामुळे आणि ताडमाडांमुळे. एखाद्या दिवशी डावीकडचा माणूस थकलेला असेल, त्याचंच मन डळमळलं असेल, तेव्हा उजवीकडून "नाही" यावं लागतं. म्हणून ती खुर्ची आहे. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. विमानात ती त्याहून वाईट कुणाची तरी बहीण आहे.

ताडमाड म्हणाले होते, शिकेल की हळूहळू, घ्या तिला. मालकांना तर तू फारच आवडलीस. दुसऱ्याच दिवशी विचारत होते, छोटी कॅप्टन कधीपासून येणार. मला तीच तर भीती वाटली. त्यांना तू माझ्यापेक्षा जास्त आवडली असतीस, आणि दर वेळी तुलाच विचारत गेले असते.

हे सगळं मी तुला त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. पण तू हँगरच्या नळाखाली कॉफीचा थर्मास धूत होतीस, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, आणि वळून विचारलंस, "जमलं ना गं आत्या मला?" आणि माझ्या तोंडून पदवी निघाली. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला वाटलं, याने तुला कमी लागेल. मालकांना मी दीड तास नाही म्हणू शकते आणि तुला मिनिटभर म्हणता आलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आणि एक लक्षात ठेव, तुझी यात चूक कमी आहे. लहानपणी सुट्टीत आपण गाडीने जायचो तेव्हा सगळी भावंडं खिडकीसाठी एकमेकांच्या झिंज्या उपटायची. तू मात्र म्हणायचीस, "बसू दे त्याला." आणि मी प्रत्येकाला सांगत सुटायचे, काय समजूतदार पोर आहे, नाहीतर आमची ही माकडं. दादाही सांगायचा, वहिनीही सांगायची. तुला खिडकी हवी होती की नाही हे एकानेही कधी विचारलं नाही. पुढे तू उडायला जायचं म्हणालीस तेव्हा मला इतका आनंद का झाला ठाऊक आहे? वाटलं, चला, पोरीने एकदाची खिडकी मागितली.

आता पदवीचं खरं मत विचारशील तर, घे. जरूर घे. तिचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. अर्ज वरच्या गठ्ठ्यात पडतो, हे काही थोडं नाही. आणि आपल्या धंद्यात डोळ्याला किंवा कानाला जरा काही झालं की डॉक्टर एका सहीने आपल्याला जमिनीवर बसवतात. त्या दिवशी हाताशी दुसरं काहीतरी असावं, हे तुझ्या बाबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि हे वाक्य त्याला वाचून दाखव, कारण मी त्याला बरोबर म्हटल्याचा प्रसंग विरळा. पण पदवी घरी बसूनही घेता येते, बाहेरून परीक्षा देऊन. आमच्याकडे थांबायला एवढा वेळ असतो की मी तेवढ्यात तीन पदव्या घेतल्या असत्या, झोपले नसते तर. मात्र तीन वर्षं हात विमानापासून लांब ठेवायचे, आणि तेही माझ्या एका खोट्यापायी, हे मला सहन होणार नाही. जे कमी आहे ते कॉलेजात मिळणार नाही. तुझ्याकडे हुशारी आहे, हात आहे, ढग वाचायची नजर आहे. नाही म्हणणं तेवढं नाही.

ते मास्तरांच्या कामात रोज शिकायला मिळेल. नवखा विद्यार्थी केविलवाणं तोंड करून विचारेल, आज एकट्याला जाऊ द्या ना. त्याच्या तोंडाकडे बघून हो म्हणालीस तर त्याचा जीव जाईल. आठवड्याभरात तुला कळेल की कुणावर माया असली तरी त्याला नाही म्हणता येतं. मला हे इतक्या वर्षांनीही घरच्या माणसांच्या बाबतीत जमलेलं नाही, ते तू बघतेच आहेस.

तरी ठरवायचं तुझं तू. कॉलेज ठरवलंस तर मास्तरांना तू सांग, मास्तर ठरवलेस तर बाबांना तू सांग. मी फोन करणार नाही. नाही. बघ, लिहिता आलं मला.

माझा राग आला असेल तर येऊ दे, आणि आलाय असं लिही. "हो आत्या, काही नाही आत्या" असं पत्र आलं तर न फोडता परत पाठवीन. तुझ्यावर माझा फार जीव आहे. तो आहे म्हणूनच खोटं बोलले, आणि आता खरं लिहितेय तेही त्याच्याचपायी.

तुला फसवलेली आणि तुझीच,
आत्या


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद आधी, बाकीचं नंतर, अशी आपली रीत. तू उलटं केलंस. पाकीट फोडलं तर ना तारीख, ना नमस्कार, पहिलाच शब्द "नाही". मी उभ्याने वाचत होते ती खाली बसले.

गेल्या आठवड्यात मी तुला दोन ओळी लिहिल्या होत्या, की तुझ्या वेळी ज्या मुलाला घेतलं तो मोठ्या विमान कंपनीत चाललाय, खुर्ची रिकामी होतेय, ये. मुलगा चांगला होता हो, इंजिनिअर होता, आणि नाही म्हणायचा, अगदी चहाला विचारलं तरी नाही म्हणायचा. पण खरं सांगते, ती ओळ लिहिताना मी धास्तावले होते. वाटलं, भिंगरी धावत येईल. आत्याने बोलावलं ना, मग हातातलं टाकून, मास्तरांना मला फोन करायला लावून येईल. आणि आली असती तर मी काय केलं असतं ते मलाच ठाऊक नव्हतं.

तुझं पत्र मी ताडमाडांना वाचून दाखवलं. तुझ्याकडे तीन जण एकट्याने उडायच्या बेताला आलेत, त्यातल्या दातांच्या डॉक्टर बाई वळण घेताना अजून डोळे मिटतात, त्यांना तू दोनदा परत फिरवलंस आणि दुसऱ्यांदा त्या रडल्या तरी तू सही केली नाहीस, हे सगळं वाचलं. "त्यांना मध्येच सोडून मी येणार नाही, आत्या. त्या एकट्या वर जाऊन खाली आल्या की मग विचार, आणि तेव्हाही मी विचार करून सांगेन." ताडमाड म्हणाले, परत वाचा. मी परत वाचलं.

जुलैमध्ये तू मला रागाचं पत्र लिहिलं होतंस, चार पानं, दोन्ही बाजूंनी. ते वाचताना रडले होते. त्यात तू लिहिलं होतंस, "माझ्याशी खोटं बोलायचा हक्क तुला मायेने मिळत नाही." बरोबर होतं. तेव्हा मी उत्तरात नुसती क्षमा मागितली, दुसरं काही लिहायला सुचलं नाही. त्यानंतर तू हळूहळू पुन्हा लिहायला लागलीस, आधी मोजकं, मग पूर्वीसारखं, आणि मी प्रत्येक पत्र आलं की आधी जाडी बघायचे.

तू रोजचं कॉलेज सोडून मास्तरांकडे गेलीस तेव्हा दादा माझ्याशी दोन महिने बोलला नाही, हा त्याचा आजवरचा विक्रम. मग एक दिवस फोन आला, धुलाईयंत्र कोणतं घेऊ म्हणून. मला धुलाईयंत्रातलं काय कळतं? पण अर्धा तास बोललो. शेवटी म्हणाला, भूगोल घेतलाय तिने, बाहेरून देतेय, पहिल्या वर्षाचं पुस्तक मीच आधी वाचतो आणि तिला खुणा करून देतो. त्याला ढगांचं प्रकरण फार आवडलंय. म्हणजे घरात आता एक बारावी पास हवेत आहे, आणि एक पदवीधर जमिनीवर बसून ढग वाचतोय. तेव्हा पदवी लागते की नाही, हा वाद आपल्याकडे पुरता मिटला.

आता खरी बातमी. काल मालकांना घेऊन गेलो होतो. निघायच्या आधी मी केबिनमध्ये त्यांचा पट्टा बघायला गेले तर त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि विचारलं, "तुमची भाची येतेय ना?"

मी म्हटलं, नाही म्हणाली.

त्यांना वाटलं पगाराचं काही असेल. मी सांगितलं, पगाराचं नाही, तिचे विद्यार्थी आहेत, त्यांचं पुरं होईपर्यंत हलणार नाही म्हणते.  त्यांनी चष्मा काढून विचारलं, "हीच ना ती, दहा मिनिटांत निघू म्हणणारी?"

"हीच," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, बाहेर ताडमाड चाकांजवळ वाकून बघत होते तिकडे पाहिलं. "मग थांबू," म्हणाले, आणि वर्तमानपत्र वर केलं.

ती खुर्ची तोवर दिवसाच्या बोलीवर बोलावलेली माणसं सांभाळतील. कार्यालयातल्या बाईंकडे मी तुझ्यासाठी एक ओळ लिहून ठेवलीय. ती या वेळी मला लिहिता आली. पदवीचा रकाना भरेल तेव्हा भरेल.

डॉक्टर बाईंना सांग, डोळे उघडे ठेवा, वरून फार छान दिसतं. त्या एकट्या वर जाऊन खाली आल्या की कळव. आणि तेव्हाही नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण पहिल्या ओळीत म्हण, म्हणजे मी आधीच बसून घेईन. घाई करू नकोस. आम्ही थांबतो, पगारच त्याचा घेतो.

तुझ्यासाठी थांबलेली,
आत्या